पत्ता नव्वद, बिट शून्य

कृष्णाकाठी ‘लाईट आली’ असं कुणी ओरडलं, तर ते घरातल्या बल्बबद्दल क्वचितच असतं. ते मोटरीबद्दल असतं. वाईपासून मिरजेपर्यंत नदीच्या दोन्ही अंगांना ऊस आहे, आणि उसाचं पाणी शेतीच्या थ्री-फेज पुरवठ्याच्या वेळापत्रकावर चालतं: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की दारं धरणाऱ्याला आधी काठापर्यंत चालत जावं लागतं, कारण स्टार्टर तिथल्या पत्र्याच्या पेटीत असतो. वाटेत साप असतो, चिखल असतो, आणि कराड-शिराळ्याच्या बाजूला गेली काही वर्षं बिबट्याही असतो.

त्या पेटीतली रचना साधी आहे. हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज मिळते, कॉन्टॅक्टर खाडकन ओढला जातो आणि मोटर फिरू लागते. बटण सोडलं तरी कॉन्टॅक्टर सुटत नाही, कारण त्याचाच एक जादा संपर्क हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो आणि कॉइलची वीज चालू ठेवतो. लाल बटण ही साखळी तोडतं. वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटतो, आणि परत आली तरी आपोआप लागत नाही. हा स्टार्टरचा दोष नव्हे. ती मुद्दाम ठेवलेली सुरक्षा आहे.

पण मध्यरात्री दोनला गेलेली वीज अडीचला आली, तर पुन्हा उठून जायचं कुणी? म्हणून ‘ऑटो’ बसवला जातो. वीज आली की हिरवं बटण आपोआप दाबल्यासारखं करणारा एक स्विच. महावितरणचं याच्याशी जुनं भांडण आहे. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं आवाहन कंपनी वर्षानुवर्षं करत आली आहे. कारण सरळ आहे. सुरू होताना इंडक्शन मोटर नेहमीच्या पाच ते सातपट प्रवाह ओढते. एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, वीस मोटरी वीज येताच एकाच क्षणी उठल्या, तर डीपी बसते. मग सगळ्यांचंच पाणी थांबतं.

या भांडणात गेल्या वीसेक वर्षांत तिसरा पक्ष आला आहे: नखाएवढा मायक्रोकंट्रोलर. मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणाऱ्या, फेज गेला तर थांबवणाऱ्या, पाणी संपलं तर कोरडी फिरू न देणाऱ्या पेट्या आता शेतकऱ्यांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. त्यांच्या आत कितीही हुशारी असो, शेवटी काम दोनच रिलेंचं. एक हिरव्या बटणाला समांतर, दुसरा लाल बटणाशी एकसर. आणि ते रिले हलतात चिपच्या दोन पिनांवरून. प्रोग्रॅममधला एक आकडा पिनेवरचा व्होल्ट कसा होतो, आणि प्रोग्रॅम सुरूच झालेला नसताना त्या पिनेवर काय असतं, हा या लेखाचा विषय. पहिला प्रश्न अभ्यासक्रमात आहे. दुसरा बहुतेक वेळा सुटून जातो, आणि नेमका तोच पंपाच्या पेटीत महागात पडतो.

पंप हा सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांचा आजचा विषय नाही. १९१० मध्ये औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्थानकाजवळचा निवडुंगाचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगलीच्या पलूस तालुक्यात. तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात होती. नांगरापासून सुरू झालेला तिथला कारखाना पुढे सेंट्रिफ्युगल पंपांसाठी देशभर ओळखला गेला. पंप बनवणाऱ्या आणि पंपावर जगणाऱ्या या पट्ट्यात पंपाला मेंदू जोडण्याची खटपट झाली नसती तरच नवल.

त्या खटपटीतलं सर्वांत गाजलेलं नाव मात्र पुण्याचं आहे. संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे उपकरण शेतकऱ्याला मोबाइलवरून पंप चालवू देतं; २००९ मध्ये नोकियाच्या नवउपक्रम स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. त्याच सुमारास अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांमध्ये ‘मोबाइलवरून शेतीपंप’ हा विषय इतका लोकप्रिय झाला, की परीक्षकांना तो पाठ व्हावा. सांगलीचं वालचंद महाविद्यालय १९४७ चं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० चं, राजारामनगरचं राजारामबापू इन्स्टिट्यूट १९८३ चं. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी आहे. शिवाय गावोगावची तंत्रनिकेतनं. यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांपैकी अनेकांच्या घरी उसाची मोटर आहे. प्रकल्पाचा विषय त्यांना शोधावा लागत नाही.

आता चिपच्या आत.

प्रोसेसरला जगात दोनच गोष्टी कळतात: पत्ता आणि त्या पत्त्यावरचा आकडा. अमुक पत्त्यावर तमुक आकडा ठेव, अमुक पत्त्यावरचा आकडा आण. त्या पत्त्यावर खरोखर स्मृतीची खोली आहे की आणखी काही, याची त्याला फिकीर नसते. पोस्टमनने पाकीट टाकावं आणि पुढे जावं, दाराआड घर आहे की गोदाम हे त्याने पाहू नये, तसं. चिप घडवणाऱ्यांनी याच बेफिकिरीचा फायदा घेतला. काही ठरावीक पत्त्यांवर त्यांनी साठवणीची खोली न ठेवता फ्लिप-फ्लॉपची, म्हणजे एकेक बिट धरून ठेवणाऱ्या सर्किटांची, एक रांग ठेवली आणि प्रत्येक फ्लिप-फ्लॉपमधून एक तार थेट बाहेरच्या पिनेपर्यंत नेली. त्या पत्त्यावर आकडा लिहिला, की त्याचा एकेक बिट एकेका पिनेवर व्होल्ट होऊन उभा राहतो. ही रांग म्हणजे रजिस्टर. त्यासाठी वेगळी आज्ञा लागत नाही. स्मृतीत लिहिण्याचीच आज्ञा पुरते.

ही कल्पना मायक्रोकंट्रोलरपेक्षा जुनी आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९७० च्या पीडीपी-११ संगणकात इनपुट-आउटपुटसाठी वेगळ्या आज्ञाच नव्हत्या. पत्त्यांच्या यादीचा वरचा आठ किलोबाइटचा तुकडा उपकरणांसाठी राखून ठेवला होता. इंटेलने दुसरी वाटही खुली ठेवली. ८०८५ मध्ये ‘इन’ आणि ‘आउट’ या खास आज्ञा आहेत, त्यांचे २५६ पोर्ट स्मृतीच्या ६५,५३६ पत्त्यांपेक्षा वेगळे, आणि चिपची एक पिन बाहेरच्या सर्किटला सांगते की आत्ताचा पत्ता स्मृतीचा आहे की पोर्टचा. महाराष्ट्रातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पिढ्यान्‌पिढ्या या दोन पद्धतींतला फरक परीक्षेत लिहून पास झाल्या. रमेश गावकरांचं ८०८५ वरचं जाडजूड पुस्तक, प्रयोगशाळेतला ट्रेनर किट, त्यावरची ८२५५ ही पोर्ट-चिप, तिच्या २४ इनपुट-आउटपुट पिना आणि ‘८०’ हा कंट्रोल वर्ड हे चाळिशी-पन्नाशीतल्या अभियंत्यांना झोपेतही आठवतं. फरकाचे चार मुद्दे बहुतेकांनी पाठ केले. तो फरक हाताला लागला तो पुढे, ८०५१ आल्यावर.

८०५१ इंटेलने १९८० मध्ये आणला. चार किलोबाइटची रॉम, १२८ बाइटची रॅम, ३२ इनपुट-आउटपुट पिना. सगळं एका चिपमध्ये. या पिना आठ-आठच्या चार पोर्टांत वाटलेल्या आहेत आणि त्यांचे पत्ते सोळाच्या पद्धतीत असे: पोर्ट शून्य ८० वर, पोर्ट एक ९० वर, पोर्ट दोन ए० वर, पोर्ट तीन बी० वर. ८० पासून एफएफपर्यंतच्या या पट्टीत १२८ जागा आहेत. मूळ ८०५१ मध्ये त्यातल्या फक्त २१ जागांवर काही आहे, बाकी ओसाड.

मायक्रोकंट्रोलर नियंत्रणासाठी जन्मला याची खूण पुढच्या सोयीत दिसते. ज्या रजिस्टरचा पत्ता शून्य किंवा आठने संपतो, त्याच्या प्रत्येक बिटलाही स्वतःचा पत्ता आहे. पोर्ट एकच्या शून्याव्या पिनेचा बिट-पत्ता ९०, पहिल्या पिनेचा ९१. पूर्ण आकडा न वाचता, न बदलता, एकच पिन एका आज्ञेत वर नेता येते किंवा खाली आणता येते. बारा मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर त्या आज्ञेला एक मायक्रोसेकंद लागतो. बोर्डांवर बहुधा ११.०५९२ मेगाहर्ट्झचा विचित्र क्रिस्टल दिसतो, त्याचंही कारण पंपाच्या पेटीशी जुळतं. त्याला बारा, बत्तीस आणि तीन यांनी एकापाठोपाठ भागलं की बरोबर ९६०० उरतात, आणि मोबाइलच्या मोडेमशी सिरीयल तारेवरून बोलताना हाच वेग सर्रास वापरला जातो.

८०५१ मध्ये पिनेची दिशा ठरवणारं वेगळं रजिस्टर नाही. पिनेवर १ लिहिला की चिप तिला हलक्या हाताने वर धरते. बाहेरून कुणी खाली ओढली तर ती खाली जाते आणि ते वाचता येतं. म्हणजे इनपुट हवं असेल तर आधी १ लिहायचा. पोर्ट शून्यला तो हलका हातही नाही. तिथे बाहेरून रेझिस्टर जोडावा लागतो. नवशिक्याचा पहिला अख्खा दिवस बहुधा इथेच जातो: पोर्ट एकवर चालणारा दिवा पोर्ट शून्यवर लागत का नाही?

वाचण्यातही एक मेख आहे, आणि ती इंटेलच्या माहितीपुस्तिकेत नीट समजावलेली आहे. पोर्ट वाचणाऱ्या काही आज्ञा खरी पिन वाचतात, तर ‘वाच, बदल, परत लिही’ जातीच्या आज्ञा पिनेमागचा फ्लिप-फ्लॉप वाचतात. समजा पिनेवर ट्रान्झिस्टरचा बेस जोडला आहे आणि तिच्यावर १ लिहिला आहे. बेस त्या पिनेला ०.७ व्होल्टच्या आसपास दाबून ठेवतो. पिन वाचली तर ‘शून्य’ दिसेल, फ्लिप-फ्लॉप वाचला तर ‘एक’. शेजारचा बिट बदलताना चिपने पिन वाचून तोच आकडा परत लिहिला असता, तर एका रिलेला हात लावताना दुसरा सुटला असता. इंटेलने हे आधीच ओळखलं होतं. पिक १६एफ या मायक्रोकंट्रोलर मालिकेने ओळखलं नाही. तिच्यात वाचन थेट पिनेचंच होतं आणि असे गूढ दोष अनेक टेबलांवर छळत राहिले. पिक बनवणाऱ्या कंपनीनेच पुढच्या पिक १८ मध्ये फ्लिप-फ्लॉपसाठी वेगळं रजिस्टर दिलं.

इनपुटचं एक उदाहरण त्या जुन्या प्रकल्पांतूनच घेऊ. शेतात एक साधा मोबाइल ‘आपोआप उचल’वर ठेवायचा, घरून फोन करून आकडा दाबायचा. त्याचा दुहेरी सूर एमटी-८८७० ही चिप ओळखते आणि चार पिनांवर चार बिट मांडते. सूर खरा असला की पाचवी पिन वर जाते. मायक्रोकंट्रोलरने पाचवी पिन पाहायची आणि मग पोर्टचे चार बिट एका दमात उचलायचे. एक दाबला तर ०००१, दोन दाबला तर ००१०. इथवर सोपं. शून्य दाबला, की पोर्टवर शून्य येत नाही, १०१० येतं, म्हणजे दहा. शून्यावर मोटर बंद करायची ठरवलेल्या किती प्रकल्पांत मोटर बंदच झाली नसेल, याची कल्पना करावी.

फेजचं वाचन याहून मजेदार आहे. तिन्ही फेजांमधून तीन ऑप्टोकपलर, त्यांचे तीन पाय एकाच पोर्टवर. पन्नास हर्ट्झच्या विजेत एक फेरा वीस मिलिसेकंदांचा असतो आणि दोन फेजांमधलं अंतर त्याच्या एक तृतीयांश, ६.६७ मिलिसेकंद. कुठला बिट कुणाच्या मागून वर येतो हे पाहिलं की फेजांचा क्रम कळतो. लाइनवर दुरुस्ती झाली आणि दोन तारांची अदलाबदल झाली, तर मोटर उलटी फिरते. ती चालू करायच्या आधीच पेटी हे सांगू शकते. एक फेज गेल्याचं मात्र फक्त व्होल्टवरून ओळखायला जाऊ नये. फिरती मोटर गेलेल्या फेजमध्ये स्वतःच व्होल्ट तयार करते आणि ऑप्टोकपलरला सगळं ठीक वाटतं. प्रवाह मोजणारी पेटी इथे फसत नाही. दोन फेजवर मोटर रेटण्याचे उद्योग गावोगाव चालतात. रिवाइंडिंगवाल्यांचा बराचसा धंदा त्यावर आहे.

पाण्याची दुसरी बाजू म्हणजे पूर, आणि तिथेही एक पिनच असते. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणचे पावसाचे आकडे पावसाळाभर वर्तमानपत्रांत छापून येतात, आणि सांगलीत लोक ते वाचून आयर्विन पुलाखालच्या पाण्याचा अंदाज बांधतात. १९२९ च्या या पुलाजवळ ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा साडेसत्तावन फुटांवर गेली होती. कृष्णा-भीमा खोऱ्यात जलसंपदा विभागाने तत्काळ माहिती पाठवणाऱ्या स्वयंचलित केंद्रांची यंत्रणा उभी केली आहे. स्वयंचलित पर्जन्यमापकाचा सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे कलंडणारी वाटी. ठरावीक पाणी भरलं की वाटी कलंडते, तिच्यावरचा चुंबक एका रीड स्विचसमोरून जातो आणि पिन क्षणभर खाली येते. एका कलंडण्याला अर्धा मिलिमीटर धरला, तर ३०० मिलिमीटरच्या दिवशी ती पिन ६०० वेळा हलली पाहिजे. पण स्विचचे संपर्क मिटताना थरथरतात, आणि प्रोग्रॅम मायक्रोसेकंदांत पाहतो. थरथर गाळली नाही तर एकाच कलंडण्याचे दोन होतात आणि ३०० मिलिमीटरचे ६००. काही मिलिसेकंद थांबून पिन पुन्हा पाहायची, एवढाच उपाय. पण तो करावा लागतो.

आता आर्डुइनो. इटलीतल्या इव्रेया गावात २००५ च्या सुमारास हा शिकाऊ बोर्ड जन्मला, आणि त्याने शिकणाऱ्यांवरचं रजिस्टरांचं ओझं उतरवलं. तेरा नंबरची पिन आउटपुट कर, तेरा नंबरची पिन वर ने, दोन ओळी. आत मात्र नॉर्वेत घडलेल्या एव्हीआर घराण्याची एटीमेगा ३२८पी चिप आहे आणि तिच्यासाठी तेरा नंबर असं काही नाही. ती पोर्ट बीची पाचवी पिन. तिच्यामागे तीन रजिस्टरं, एकाला एक लागून: पत्ता २३ वर ‘पिन’, २४ वर ‘दिशा’, २५ वर ‘पोर्ट’, सगळे सोळाच्या पद्धतीत. दिशेचा बिट १ असेल तर पिन आउटपुट, आणि पोर्टचा बिट तिच्यावर बसतो. दिशेचा बिट ० असेल तर पिन इनपुट, आणि तोच पोर्टचा बिट आता आतला पुल-अप रेझिस्टर चालू-बंद करतो. ‘पिन’ हे वाचायचं रजिस्टर. पण त्याच्यावर १ लिहिला तर पिन उलटते, ही चिपकर्त्यांची एक गंमत.

रजिस्टरं का शिकावीत, याचं नेहमीचं उत्तर ‘वेग’ हे असतं. आर्डुइनोची तयार आज्ञा पिन हलवायला तीन-चार मायक्रोसेकंद घेते. थेट रजिस्टरात बिट लिहिला तर दोन फेऱ्यांत, म्हणजे ०.१२५ मायक्रोसेकंदात काम होतं. खरं आहे. पण रिलेला हलायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. पंपासाठी हा वेग वाचवून कुणाचं काय भलं होणार? वेगाचा दाखला देऊन रजिस्टरं शिकवणं म्हणजे योग्य औषध चुकीच्या दुखण्यावर देणं आहे. ती शिकायची ती वेगळ्या कारणासाठी: वीज आल्याच्या क्षणी त्या फ्लिप-फ्लॉपांत काय असतं हे फक्त तीच सांगतात.

८०५१ चे चारही पोर्ट रीसेट होताच एफएफ होतात. म्हणजे सगळ्या पिना वर. रीसेटसाठी दहा मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आणि ८.२ किंवा १० किलोओहमचा रेझिस्टर लावायची पद्धत आहे. त्यामुळे वीज आल्यावर साधारण सेकंदाचा दहावा भाग चिप रीसेटमध्ये राहते. त्या वेळात प्रोग्रॅमची एकही ओळ चालत नाही. पण पिना वर आहेत. त्यातली एक, बाहेरून जोडलेल्या पुल-अपच्या जोरावर, यूएलएन-२००३ या चिपमार्फत रिले चालवते आहे. रिलेला दहा मिलिसेकंद पुरतात. इथे शंभर मिळाले. रिले ओढला गेला, त्याने हिरवं बटण दाबलं, कॉन्टॅक्टर बसला आणि स्वतःला धरून राहिला. मग प्रोग्रॅम जागा होतो, पहिल्याच ओळीत पिन खाली आणतो आणि समजतो की मोटर बंद आहे. मोटर फिरते आहे. प्रोग्रॅममध्ये एकही चूक नाही, आणि नको असलेला ऑटो स्विच फुकटात तयार झाला.

प्रोग्रॅम कितीही तपासला तरी हा दोष सापडत नाही, कारण तो प्रोग्रॅमच्या आधी घडतो. दुरुस्ती तारेत आहे: रिले पिन खाली आल्यावर चालेल अशी रचना करायची, म्हणजे रीसेटमधली ‘वर’ ही अवस्था ‘बंद’ ठरते.

मग आर्डुइनो बरा? एटीमेगाच्या सगळ्या पिना रीसेटनंतर इनपुट असतात, पुल-अपही बंद. पिन ना वर ना खाली, ती तरंगते. त्यात उनो या आर्डुइनो बोर्डाचा बूटलोडर नवा प्रोग्रॅम येतोय का हे पाहत साधारण सेकंदभर थांबतो. तेवढा वेळ ट्रान्झिस्टरचा बेस हवेत राहू नये म्हणून तिथे दहा किलोओहमचा रेझिस्टर जमिनीकडे जोडावा लागतो. बाजारातल्या निळ्या रिलेंच्या तयार बोर्डांपैकी पुष्कळसे पिन खाली आल्यावर चालणारे असतात, आणि तिथे दुसरी गाठ बसते. रीसेटनंतर पोर्टचा बिट शून्य आहे. प्रोग्रॅमने आधी दिशा आउटपुट केली, की त्याच क्षणी शून्य पिनेवर येतं आणि रिले चालू. लगेच पुढच्या ओळीत पिन वर नेली तर काही बिघडत नाही, रिलेला तेवढ्यात हलताच येत नाही. पण अनेक प्रोग्रॅमांत मधे मोबाइल मोडेमला जागं करण्याच्या ओळी असतात, आणि नेटवर्क सापडेपर्यंत काही सेकंद जातात. तेवढा वेळ मोटर स्वतःहून चालू. उपाय एका ओळीच्या अदलाबदलीचा: आधी पोर्टच्या बिटवर १ लिहायचा, मग दिशा बदलायची. पिन आधी पुल-अपने वर जाते, मग खऱ्या जोराने वर राहते. खाली येतच नाही. आर्डुइनोच्या आज्ञांमध्येही हा क्रम चालतो. तो का चालतो हे मात्र २४ आणि २५ या दोन पत्त्यांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

वीस मोटरी एकदम उठण्याच्या दुखण्यावरही इथेच उपाय आहे. वीज आल्यावर पेटीने लगेच काही करायचं नाही. फेज तपासायचे, मग दर पेटीसाठी वेगळा असेल असा विलंब मोजायचा आणि तेव्हाच रिलेचा बिट लिहायचा. असा विलंब अनेक पेट्यांमध्ये असतो. पण रीसेटमध्येच रिले उडत असेल, तर तो विलंब कागदावरच राहतो.

नव्या चिपांनी काही प्रश्न सोडवले, काही नवे आणले. एसटीएम३२च्या एफ१०३ या चिपचा ‘ब्लू पिल’ नावाचा निळा स्वस्त बोर्ड विद्यार्थ्यांच्या हाती सहज दिसतो. त्यात पत्ते बत्तीस बिटांचे. एआरएमच्या नकाशात उपकरणांचा भाग सोळाच्या पद्धतीत चारने सुरू होतो. पोर्ट सी ४००११००० वर. त्याच्या रजिस्टरांत वाटेल ते लिहा, तेरा नंबरच्या पिनेवरचा दिवा हलत नाही, कारण वीज वाचवण्यासाठी पोर्टचं घड्याळच बंद ठेवलेलं असतं. ते ४००२१०१८ या भलत्याच पत्त्यावरचा चौथा बिट लिहून सुरू करावं लागतं. तरीही दिवा लागत नाही? तो उलटा जोडलेला आहे, शून्यावर लागतो. या चिपमध्ये एक रजिस्टर खरोखर सुंदर आहे. त्याच्या खालच्या सोळा बिटांत १ लिहिला तर ती पिन वर, वरच्या सोळांत लिहिला तर खाली. जिथे शून्य आहे त्या पिनांना धक्का लागत नाही. ‘वाच, बदल, परत लिही’ हा खेळच संपला. मधेच इंटरप्ट आला आणि त्याने शेजारची पिन बदलली, तरी ती पुसली जात नाही.

सी भाषेत हे सगळं लिहिताना आणखी एक जण आडवा येतो: कंपायलर. पाण्याची पातळी सांगणारी पिन वर येईपर्यंत थांब, असं लिहिलं, तर कंपायलर पाहतो की या पत्त्यावर प्रोग्रॅममध्ये कुणीच काही लिहीत नाही. मग दर वेळी वाचायचं कशाला? तो एकदाच वाचतो आणि जन्मभर तोच आकडा धरून बसतो. ‘व्होलटाइल’ हा शब्द त्यासाठी आहे. तो न लावल्याने अडकलेला प्रोग्रॅम ऑप्टिमायझेशन बंद असताना टेबलावर छान चालतो, आणि शेतात बसवायची पक्की आवृत्ती केल्यावर रुसतो.

शेतातली वीज हा तर स्वतंत्र विषय. व्होल्टेज हळूहळू बसतं, उठतं, कॉन्टॅक्टर सुटताना कॉइल जोराचा झटका मागे फेकते. चिप अर्धवट व्होल्टेजवर काहीबाही करू नये म्हणून एटीमेगात ब्राउन-आउटची सोय आहे. ८०५१ च्या साध्या ८९सी५१ अवतारात ती नव्हती आणि बाहेरून लावावी लागे. कारखान्यांत काम केलेले लोक आणखी एक सवय ठेवतात. दिशेचं रजिस्टर सुरुवातीला एकदाच न लिहिता मुख्य फेऱ्यात पुन्हा पुन्हा लिहितात. झटक्याने एखादा बिट उलटलाच तर पुढच्या फेऱ्यात सरळ होतो. पुस्तकी दृष्टीने ही द्विरुक्ती आहे. पंपाच्या पेटीत ती शहाणपणाची आहे.

सी-डॅकने ‘वेगा’ मालिकेत देशी प्रोसेसर घडवला, त्यातल्या ‘तेजस ३२’ चिपवर ‘एरीज’ नावाचे शिकाऊ बोर्ड बाहेर आले. आरआयएससी-५ जातीची, १०० मेगाहर्ट्झवर चालणारी ही चिप आर्डुइनोच्या पद्धतीनेच वापरता येते, आणि तिच्याही पिना पत्त्यांमागेच आहेत. चिप कुठलीही येवो, पोर्टाचं प्रकरण पुन्हा उघडावंच लागतं.

शिकवण्याचा प्रश्न उरतो. ८०५१ जुना झाला, तो अभ्यासक्रमातून काढा, अशी मागणी अधूनमधून होते. मझीदींचं पुस्तक, पोर्ट एकवर आठ दिवे, ते डावीकडून उजवीकडे पळवायचे, हा प्रयोग पंचवीस वर्षं तोच आहे, ही तक्रार खोटी नाही. तरीही ८०५१ काढून केवळ आर्डुइनोच्या तयार आज्ञा शिकवणं हा सौदा वाईट आहे. आठ दिवे पळवणाऱ्या मुलाला निदान ९० हा पत्ता माहीत असतो. तेरा नंबरची पिन लुकलुकवणाऱ्याला त्यामागे पत्ता आहे हेच माहीत नसतं. चिप कुठलीही ठेवा. दिवा मात्र काढा आणि त्या जागी रिले लावा. दिवा शंभर मिलिसेकंद चुकीचा लागला तर डोळ्याला कळत नाही. रिले चुकीचा लागला तर अख्ख्या वर्गाला ऐकू येतं.

सातारा, सांगली, कोल्हापूर हे शिवाजी विद्यापीठाचे तीन जिल्हे. काही महाविद्यालयं स्वायत्त, काही लोणेऱ्याच्या विद्यापीठाकडे, तंत्रनिकेतनं तंत्रशिक्षण मंडळाकडे. अभ्यासक्रम बदलायचा तर इतक्या ठिकाणी इतक्या समित्या. प्रयोगवहीत एक रकाना वाढवायला मात्र कुठल्याच समितीची गरज नाही. प्रयोगशाळेतल्या शिक्षकांनी तो या सत्रापासूनच वाढवावा: रीसेट दाबून धरलेला असताना, प्रोग्रॅमची पहिली ओळ चालण्याआधी, रिलेच्या पिनेवर किती व्होल्ट आहेत? मल्टिमीटर प्रत्येक टेबलावर असतोच.